गाडी गरम होते? आधी विचारा, मग हेड खोला

मार्च महिना उजाडला की नगर जिल्ह्यातील गॅरेजांसमोर एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. बॉनेट उघडे टाकलेली जीप किंवा टेम्पो, रेडिएटरमधून निघणारी वाफ, हातात पाण्याचा डबा घेऊन उभा असलेला ड्रायव्हर आणि त्याचे ठरलेले वाक्य, "उस्ताद, पाणी रोज टाकतो, तरी गाडी हीट पकडतेच." उन्हाचा पारा चाळीस अंशांच्या पुढे गेला की अशी दोन-तीन गिऱ्हाईके रोज येतात. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांची रोजीरोटी गॅरेज, रेडिएटर दुरुस्ती, वेल्डिंग, स्पेअर पार्टचे दुकान आणि भाड्याची गाडी यांवर चालते. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. गाडी गरम होणे हा रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण आहे. माणसाला ताप आला की चांगला हकीम आधी विचारतो, ताप केव्हा चढतो, थंडी वाजते का, खोकला आहे का. गाडीचेही तसेच आहे. कारण न शोधता हेड उतरवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दोनदा हेड उतरले, दोष मात्र झाकणात

आम्ही जवळून पाहिलेले एक उदाहरण सांगतो. संगमनेरहून घारगाव-बोट्याकडे प्रवासी नेणाऱ्या एका काळी-पिवळी जीपची ही गोष्ट आहे. रस्त्यात चंदनापुरी घाटाचा चढ. भरलेली जीप घाटात गरम व्हायची. चार महिन्यांत दोन वेळा हेड गॅस्केट बदलले गेले. प्रत्येक वेळी पंधरा-वीस दिवस गाडी ठीक चालली आणि पुन्हा तेच. मालकाच्या डोक्यावर गाडीचा हप्ता, वर दुरुस्तीची उधारी. गाडी विकून टाकावी, इथपर्यंत गोष्ट आली होती.

तिसऱ्या वेळी तो एका वयस्कर उस्तादांकडे गेला. त्यांनी पान्याला हात लावला नाही. आधी विचारले, "बेटा, गाडी कुठे गरम होते? स्टँडवर उभी असताना की घाटात?" तो म्हणाला, "चाचा, फक्त घाटात." "रोज पाणी किती लागते?" "एक-दीड बाटली." "गाडीखाली ठिपका पडतो?" "नाही. पण घाट चढून आलो की बाजूच्या बाटलीत पाणी फसफसते आणि बाहेर सांडते."

उस्तादांनी इंजिन थंड होऊ दिले आणि रेडिएटरची कॅप काढून पाहिली. तिचे रबर कडक झाले होते आणि स्प्रिंग ढिली पडली होती. कोणीतरी दुसऱ्याच गाडीची कॅप बसवलेली होती. रेडिएटरच्या वरच्या टाकीत पाहिले, तर निम्म्या नळ्यांच्या तोंडावर पांढरा चुना बसलेला. गेली दोन वर्षे बोअरचे पाणी भरले जात होते. रेडिएटर खोलून नळ्या साफ केल्या, योग्य दाबाची कॅप बसवली, कुलंट भरले आणि जीप मार्गी लागली. कॅपची किंमत दोन वेळच्या हेडच्या खर्चापुढे चहा-नाश्त्याएवढी होती.

आधीच्या कारागिरांना काम येत नव्हते असे आम्ही म्हणत नाही. गॅस्केट खरोखरच गेले होते. पण ते का गेले, हे कोणी विचारले नाही.

कॅपला एवढे महत्त्व का?

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. दुसरा तृतीयांश सायलेन्सरवाटे जातो आणि उरलेला बहुतेक भाग इंजिनच्या धातूतून काढून बाहेर टाकावा लागतो. नगरच्या कायनेटिक कारखान्यातून निघालेली लुना आपल्या सर्वांना आठवत असेल. तिच्या लहान इंजिनाला पाणी लागत नसे. सिलिंडरवरच्या पात्यांना लागणारा वारा पुरत असे. मोटारीच्या मोठ्या इंजिनाला तेवढ्याने भागत नाही. तिथे पाणी उष्णता उचलते, वॉटर पंप (गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडी) ते पाणी फिरवतो, रेडिएटर उष्णता वाऱ्याला देतो आणि थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह पाण्याची वाट उघड-बंद करतो.

आता कॅपचे काम पाहा. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांऐवजी सुमारे ९८ अंश सेल्सिअसलाच उकळते. इंजिनातील पाणी एरवी ८५ ते ९५ अंशांवर असते आणि घाटात ते शंभरीच्या पुढे जाऊ शकते. म्हणजे दाब नसेल तर पाणी उकळणारच. चांगली कॅप पाण्यावर दाब धरून ठेवते. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो या दाबाचा. ०.९ च्या कॅपखाली आपल्याकडे साधे पाणी जवळपास ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात कुलंट असेल तर मर्यादा आणखी वर जाते.

कॅप ढिली पडली की पाणी लवकर उकळते, वाफ होऊन बाहेर जाते, पातळी उतरते आणि हेडच्या पोकळीत पाण्याऐवजी वाफ भरते. वाफ उष्णता नीट उचलत नाही. हेड ॲल्युमिनियमचे असेल तर धोका अधिक, कारण ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट पसरते. हेड वाकते आणि गॅस्केट जाते. त्या जीपचे दोनदा नेमके हेच झाले. नवी कॅप घेताना जुन्या कॅपवरचा नव्हे, गाडीच्या पुस्तिकेतील आकडा पाहावा. जास्त दाबाची बसवली तर होज किंवा रेडिएटर फुटू शकतो.

पहिला प्रश्न: कधी गरम होते?

गिऱ्हाइकाला पाच मिनिटे बसवून हा प्रश्न विचारला, तर निम्मे निदान तिथेच होते.

१. उभी असताना किंवा बाजारपेठेच्या गर्दीत गरम होते, मोकळ्या रस्त्यावर थंड होते. अशा गाडीचा पंखा संशयित धरावा. धावत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्यानेच द्यावा लागतो. इलेक्ट्रिक पंखा असेल तर फ्यूज, रिले, पंख्याचा स्विच, वायरिंग आणि मोटर या क्रमाने तपासावे. मोटरला बॅटरीचा थेट करंट देऊन पाहिले की मोटर चांगली की वाईट हे लगेच कळते. बेल्टवरचा पंखा असेल तर बेल्टचा ताण आणि पंख्याचे कपलिंग पाहावे. पंख्याभोवतीचे आवरण तुटले असेल किंवा काढून टाकले असेल तरी वारा वाया जातो.

२. गावात ठीक, पण घाटात, भरलेल्या मालावर किंवा वेगात गरम होते. इथे पंखा सहसा दोषी नसतो. रेडिएटर आतून चुन्याने किंवा बाहेरून कचऱ्याने चोंदला आहे का, ते पाहावे. आपल्या जिल्ह्यात गळीत हंगामात उसाचे पाचट आणि धूळ, घोडेगावसारख्या कांद्याच्या बाजारात ये-जा करणाऱ्या गाड्यांत कांद्याची टरफले जाळीत अडकतात. खालचा होज पाईप मऊ पडला असेल तर पंपाच्या ओढीने तो चपटा होतो. गाडी उभी असताना तो ठीक दिसतो, रेस केल्यावर दबतो. म्हणून इंजिन चालू ठेवून, हात लांब ठेवून पाहावे. वॉटर पंपाची पाती गंजून झिजली असतील तरी हेच लक्षण दिसते.

३. सकाळी सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर जातो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल, पाणी फारच कमी असेल, आत हवा कोंडली असेल किंवा गॅस्केट गेले असेल. वरचा होज थंड आणि इंजिन तापलेले असेल तर थर्मोस्टॅटवर संशय घ्यावा.

४. पाणी कमी होते, पण गाडीखाली ठिपका दिसत नाही. कॅप, वॉटर पंपाच्या खालचे बारीक छिद्र, हिटरचे पाईप आणि शेवटी हेड गॅस्केट या क्रमाने शोधावे. गरम इंजिनवर पडलेला थेंब लगेच सुकतो. त्याचा पांढरट किंवा रंगीत डाग मात्र राहतो.

५. काटा वर आहे, पण वाफ नाही, वास नाही, होजही फार तापलेले नाहीत. मग मीटर, सेन्सर किंवा अर्थिंगमध्ये दोष असू शकतो. याच्या उलट प्रकार जास्त घातक आहे. पाणी पूर्ण सांडून सेन्सर उघडा पडला की काटा एकदम खाली येतो. ड्रायव्हरला वाटते गाडी थंड झाली आणि तो पुढे चालवतो. अशाच वेळी इंजिन सीझ होते.

कधीकधी दोष कूलिंगमध्ये नसतोच. ब्रेक घासणे, क्लच घसरणे, जुन्या पेट्रोल गाडीचे टायमिंग मागे असणे, सायलेन्सर चोंदणे आणि गाडीच्या क्षमतेपेक्षा जास्त माल भरणे, यांमुळेही इंजिनावर बोजा पडून ते तापते.

तपासणीचा क्रम

स्वस्त आणि सोपे ते आधी, महाग आणि अवघड ते शेवटी, हा क्रम मोडू नये. इंजिन थंड असताना पाण्याची पातळी व रंग, कॅपचे रबर व स्प्रिंग, बेल्ट, होज व क्लिपा, रेडिएटरची जाळी, पंखा, थर्मोस्टॅट, पाण्याचा प्रवाह आणि सर्वांत शेवटी हेड.

थर्मोस्टॅट तपासायला यंत्र लागत नाही. तो काढून पातेल्यातील पाण्यात दोरीने लटकवावा आणि पाणी तापवावे. पाण्यात थर्मामीटर ठेवावा. थर्मोस्टॅटवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागला आणि पाणी उकळेपर्यंत चांगला उघडला तर ठीक, नाहीतर बदलावा.

इथे आमची एक तक्रार आहे. "आपल्या हवेला थर्मोस्टॅट लागत नाही" असे म्हणून तो काढून फेकण्याची रीत अनेक गॅरेजांत पडली आहे. त्याने दोष झाकला जातो, जात नाही. इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, इंधन जास्त लागते, सिलिंडर लवकर झिजतो. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बरेचसे पाणी रेडिएटरकडे न जाता तिथल्या तिथे फिरते आणि गाडी उलट अधिक गरम होते.

हेड गॅस्केटची खात्री कशी करावी?

हेड उतरवण्याआधी पुरावा हवा. इंजिन थंड असताना कॅप काढून सुरू करावे. थर्मोस्टॅट उघडण्यापूर्वीच पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येत असावा. ऑइलच्या काडीवर किंवा झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर, सायलेन्सरमधून गरम इंजिनवरही न थांबणारा पांढरा धूर, थंड गाडी सुरू करताच होज दगडासारखे कडक होणे, ही आणखी लक्षणे. एकाच लक्षणावर निर्णय घेऊ नये. थोडेसे पांढरे पाणी ऑइलच्या झाकणाखाली थंडीत दमटपणानेही साचते. कॉम्प्रेशन टेस्ट करावी. कूलिंग प्रेशर टेस्टर असेल तर पंप मारून दाब टिकतो का ते पाहावे. गॅस ओळखणारे निळे द्रावणही मिळते. पाण्यात सिलिंडरचा गॅस असेल तर ते पिवळे होते.

हेड उतरवावेच लागले तर काम अर्धवट करू नये. सरळ पट्टी आणि फिलर गेजने हेड लांबीत, रुंदीत आणि तिरपे मोजावे. वाक पुस्तिकेतील मर्यादेबाहेर असेल तरच फेस मारावा, आणि तोही लागेल तेवढाच. तडा आहे का ते दाबाखाली तपासून घ्यावे. ब्लॉकच्या बोल्टच्या छिद्रांत पाणी किंवा ऑइल राहू देऊ नये. बोल्ट कसताना त्याने ब्लॉक फुटू शकतो. बोल्ट मधून बाहेर, सांगितलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्यानेच कसावेत. काही नव्या गाड्यांचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात.

पाणी भरणे हेही काम आहे

आपल्याकडच्या विहिरी आणि बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांना धरतो. म्हणून डी.एम. वॉटर आणि चांगले कुलंट वापरावे. साधारणपणे निम्मे-निम्मे मिश्रण चालते. तयार मिसळलेले कुलंट असेल तर त्यात पाणी घालू नये. "आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कुलंट कशाला?" असे विचारले जाते. कुलंट गंज रोखते, पंपाचे सील जपते आणि उकळण्याची मर्यादा वाढवते. वेगवेगळ्या प्रकारची कुलंटे एकत्र करू नयेत. किती वर्षांनी बदलायचे ते पुस्तिकेत पाहावे.

भरताना गाडीचे तोंड उंचावर ठेवावे, हिटर पूर्ण गरमवर करावा, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करावा. सावकाश भरून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवून, थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी. आत राहिलेली हवा चांगली दुरुस्तीही वाया घालवते.

कुलंट विषारी असते आणि चवीला गोड लागते. काढलेले कुलंट उघड्या घमेल्यात ठेवू नये किंवा गटारात ओतू नये. मुले व जनावरे यांच्यापासून ते लांब ठेवावे.

रेडिएटर कारागिरांसाठी

जुन्या अँबॅसिडर, पद्मिनी आणि जीपचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. डाग देणे, नळ्यांत सळई फिरवून साफ करणे, टाकी उघडून पुन्हा बसवणे हे हुन्नर अनेक घरांत बापाकडून मुलाकडे आले. आजच्या बहुतेक मोटारींत ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी असते. तिला जुना डाग धरत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जुन्या रेडिएटरला वापरतो तो कॉस्टिकचा गरम हौद ॲल्युमिनियमला लावू नये. कॉस्टिक ॲल्युमिनियम खाऊन टाकते.

यामुळे धंदा संपला असे समजू नये. जुने ट्रॅक्टर, जनरेटर आणि जुने ट्रक यांच्या रेडिएटरचे काम अजून आहे. नव्या प्रकारात टाकीचे रबर सील बदलून कडा पुन्हा नीट दाबणे आणि दाबाखाली तपासणे शिकता येते. जाळी धुताना पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर, कमी दाबाने मारावे. जोराचा फवारा पात्या वाकवतो आणि वाराच अडतो.

रस्त्यात गाडी तापली तर

हा भाग ड्रायव्हर मंडळींनी मुलांनाही समजावून सांगावा. काटा चढू लागताच ए.सी. बंद करावा आणि हिटर पूर्ण चालू करावा. त्रास होतो, पण उष्णता बाहेर पडते. सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्यावी. वाफ निघत असेल किंवा लाल दिवा लागला असेल तर इंजिन लगेच बंद करावे. अर्धा-पाऊण तास हात लावू नये. गरम कॅप उघडल्याने चेहरा आणि हात भाजल्याच्या घटना गॅरेजच्या धंद्यात नव्या नाहीत. पूर्ण थंड झाल्यावर जाड फडके घेऊन कॅप आधी थोडी फिरवावी, दाब जाऊ द्यावा, मग काढावी. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, हेड किंवा ब्लॉक तडकतो. इलेक्ट्रिक पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो, म्हणून बोटे लांब ठेवावीत.

धंद्याची गोष्ट

नगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. तिथे वाहनांच्या कडक चाचण्या होतात. आपल्या छोट्या गॅरेजात तशी यंत्रे नाहीत, पण तपासल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, ही शिस्त आपणही पाळू शकतो. प्रेशर टेस्टर, मल्टीमीटर, तापमान दाखवणारी इन्फ्रारेड बंदूक आणि टॉर्क पाना, एवढी साधने हळूहळू जमवावीत. गिऱ्हाइकाचे उत्तर, सापडलेला दोष आणि बदललेला पार्ट एका वहीत लिहावा. जुना पार्ट गिऱ्हाइकाला दाखवून परत द्यावा. तपासणीची मजुरी वेगळी आणि आधी सांगून घ्यावी. त्यात संकोच नको. डोके वापरणे हेही काम आहे. दुरुस्तीनंतर गाडी भरलेल्या मालावर किंवा चढावर चालवून मगच सोपवावी.

शागिर्दांना आय.टी.आय.च्या मोटर मेकॅनिक किंवा डिझेल मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाला जरूर पाठवावे. हाताला सवय उस्तादांकडे लागते, कारण तिथे समजते. दोन्ही मिळाले की कारागीर पूर्ण होतो.

त्या जीपच्या मालकाने पुढे आपल्या ओळखीच्या अनेक गाड्या त्याच उस्तादांकडे पाठवल्या. हेडच्या एका कामाने जेवढे पैसे मिळाले असते, त्याच्या कितीतरी पट काम एका खऱ्या निदानाने त्यांच्या दारात आले. या उन्हाळ्यात तापलेली गाडी दारात आली, तर पाना उचलण्याआधी तो एक प्रश्न जरूर विचारावा: कधी गरम होते?